मालक डोळा

त्या दुपारी टेबलावरचे दिवे चालू होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पूलच्या टेबलावर दिव्यांची लांब पट्टी टांगलेली असते, आणि तिचा उजेड इतका लख्ख की हिरव्या कापडावर खडूचा कण पडला तरी दिसावा. असल्या उजेडात, तोंडापासून हातभर अंतरावर उभा राहून एका माणसाने मला विचारलं, "सर, लाईट कित्याक घालवलात?" 

पण आधी माझा धंदा सांगायला हवा. मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात पूल शिकवतो. लोकांना वाटतं, पूल म्हणजे काठीने चेंडू ढकलून भोकात पाडायचा, त्यात शिकवायचं काय? माझ्या आईचंही तेच मत. आमच्या करमाळ्यात ती बायकांना सांगायची, "बी.एस्सी. केलं हो पोरानं, आणि आता मुंबईत गोट्या खेळतंय." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील गवंडी. त्यांनी दुसऱ्यांच्या भिंती उभ्या करून मला पदार्थविज्ञान शिकवलं, आणि मी ते घेऊन मुंबईला नोकरी शोधायला आलो. नोकरी मिळेपर्यंत म्हणून फ्रान्सिस अंकलच्या या गाळ्यात काउंटरला बसलो आणि इथेच राहिलो. याचं मला वाईट वाटत नाही. अंकलनी मला काम दिलं, झोपायला पोटमाळा दिला आणि हातात काठी दिली. तेव्हापासून आजवर ते मला नावाने हाक मारत नाहीत, 'ग्रॅज्युएट' म्हणतात. त्यात चेष्टा किती आणि कौतुक किती हे मी कधी विचारलं नाही.

शिकवायचं असतं ते एकच. काठी सरळ मागे न्यायची, सरळ पुढे आणायची, आणि प्रत्येक वेळी तशीच. खांदा हलवायचा नाही. कोपर दाराच्या बिजागरीसारखं जागच्या जागी, आणि त्याच्याखाली हात ओळंब्यासारखा लोंबता. काठी आवळायची नाही. भरलेला चहाचा ग्लास दुसऱ्याच्या हाती देताना आपण धरतो, तितकीच धरायची. ऐकायला सोपं वाटतं. पण माणसाचा हात सरळ जायला बनलेलाच नाही. तो घास तोंडाकडे आणायला बनलाय, म्हणून तो आत वळतो.

हे दाखवायला आमच्याकडे बाटली असते. थंड पेयाची रिकामी काचेची बाटली टेबलावर आडवी ठेवायची, तिचं तोंड आपल्याकडे. काठीचं टोक बाटलीच्या तोंडातून आत न्यायचं आणि बाहेर काढायचं, काचेला न लावता. जरा वाकडं झालं की बाटली 'टिंग' करते. नवा माणूस आला की आमच्या गाळ्यात देवळासारखी टिंगटिंग सुरू होते. अंकल काउंटरवरून ओरडतात, "अरे आरती संपली काय? प्रसाद कधी देतोस?"

याला आणखी एक जोड मी दिली. वडिलांची जुनी लाइनदोरी मी गावाहून आणली होती. ती टेबलावर लांबीत ताणून बांधायची आणि तिच्याखाली काठी चालवायची. वडील म्हणायचे, "भिंत डोळ्याला सरळ दिसती म्हणून सरळ नसती. डोळा लबाड. दोरी लाव." मी हे वाक्य शेकडो जणांना ऐकवलं असेल. त्याचा खरा अर्थ मात्र मला फार उशिरा कळला.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची येतात. एकदा अंधेरी पश्चिमेहून एका सिनेमाचा माणूस आला. म्हणाला, "हिरोला चॅम्पियन बनवायचाय, तासाभरात." हिरो आला, दिसायला राजबिंडा, पण काठी धरली की हात गवतासारखा थरथरे. बाटली तर इतकी वाजली की अंकल कानावर हात ठेवून बाहेर गेले. शेवटी हिरोचा शर्ट मला चढवला आणि फक्त माझ्या हाताचं चित्रीकरण केलं. तो सिनेमा करमाळ्यात लागला तेव्हा आईने शेजारणीच्या बरगडीत कोपर मारून सांगितलं, "त्यो बघ, आमच्या पोराचा हात!" त्या दिवसापासून गोट्यांचा विषय घरात निघालेला नाही.

दुसरा एक घाटकोपरचा संगणकवाला. त्याने काठीला लाल ठिपक्याचा लेसर बांधून आणला होता. ठिपका समोरच्या भिंतीवर माशीसारखा नाचायचा. तो म्हणाला, "सर, भिंत हलतेय." मी म्हटलं, "भिंतीला दोष देऊ नका, माझे वडील गवंडी होते."

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला बसलो, त्या सुर्व्यांकडे येतो.

सुर्वे शाळेची बस चालवायचे. मूळचे देवगडकडचे, राहायला भांडुपला. सकाळी पोरांना शाळेत सोडलं की दुपारी शाळा सुटेपर्यंत त्यांना वेळ असायचा. त्या वेळात ते आमच्या आवारात बस लावत. आवाराचं फाटक अरुंद, दोन्ही बाजूंना चुन्याने रंगवलेले खांब. सुर्वे ती पिवळी धूड बस उलटी, एका दमात, अशी आत घालत की आम्ही हातातली काठी थांबवून बघायचो. सुरुवातीला ते नुसते बाकावर बसून खेळ पाहत. एक दिवस उठून माझ्याकडे आले.

"सर, मी एवढी मोठी गाडी एवढ्याशा गल्लीत घालतो. ही एवढीशी काठी सरळ जात नाय, म्हंजे काय?"

"बघा प्रयत्न करून."

बाटली वाजली. सुर्वे हसले नाहीत. त्यांनी बाटलीकडे असं बघितलं, जणू कोणी आडवा घुसून हॉर्न मारला. "वाजते काय? थांब, तुला गप करतो."

आणि त्यांनी केलं. मी इतक्या माणसांना शिकवलं, पण सराव करावा तो सुर्व्यांनी. त्यांना सामना जिंकायचा नव्हता, पैज लावायची नव्हती. दुपारचा डबा खाल्ला की ते बाटली मांडत आणि काठी आत-बाहेर, आत-बाहेर. म्हणत, "डोकं थंड होतं, सर. सकाळी पोरांचा कलकलाट, दुपारी पोरांचा कलकलाट, मधी हे." हळूहळू बाटली गप्प झाली. मग चेंडू पडायला लागले. आमच्या गाळ्यातला सगळ्यात सरळ हात त्यांचा, असं अंकलही म्हणायला लागले. ते सहसा कोणाला चांगलं म्हणत नाहीत.

मग त्यांचे फटके चुकायला लागले.

साधे, समोरचे फटके. आणि सगळे एकाच बाजूला. मी दोरी बांधली. दोरी म्हणाली, हात सरळ. बाटली मांडली, बाटली गप्प. म्हणजे काठी सरळ जात होती, पण ज्या रेषेवर जायला हवी त्या रेषेवर नव्हती. दोष बघण्यात होता, आणि यावर माझ्याकडे उपाय तयार होता.

आमच्या धंद्यात याला फ्रान्सिस अंकलनी दिलेलं नाव आहे, 'मालक डोळा'. प्रत्येकाचे डोळे दोन, पण मालक एक. नेम धरताना मेंदू एकाच डोळ्याचं ऐकतो, दुसरा हो ला हो करतो. कोणाचा मालक उजवा, कोणाचा डावा. काठी हनुवटीखाली धरताना ती मालक डोळ्याच्या खाली आली पाहिजे. नवा माणूस आला की आम्ही परीक्षा घेतो. भिंतीवरच्या घड्याळावर अंगठा रोखायचा आणि एकेक डोळा झाकायचा. ज्या डोळ्याला अंगठा घड्याळावरच दिसतो तो मालक. सुर्व्यांचा मालक उजवा, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं.

पण पुन्हा परीक्षा घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. मी त्यांचा चेहरा बोटभर उजवीकडे सरकवला. "आता मारा." चेंडू पडला. दुसरा पडला. तिसराही.

"च्यायला, सर! जादू केलात काय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बटाटवडे खिलवले. मी वड्याबरोबर कौतुकही खाल्लं. काही महिन्यांनी फटके पुन्हा चुकायला लागले, पुन्हा त्याच बाजूला. मी चेहरा आणखी बोटभर सरकवला. पुन्हा जमलं. मला वाटलं, आपला हात बसला.

त्याच सुमारास फाटकाच्या खांबावर पिवळे ओरखडे दिसायला लागले. सुर्व्यांच्या बसच्या उजव्या बाजूचे. पहारेकरी त्यांना चिडवायचा, "काय सुर्वे, खांबाला मिठी मारता?" सुर्वे म्हणायचे, "खांबच पुढं आलाय रे. बघ जरा, रात्री चालत असंल." आम्ही सगळे हसायचो. मीही.

त्यानंतर ती दुपार आली. तिसऱ्यांदा फटके चुकायला लागले होते. मी चेहरा सरकवायला हात पुढे केला आणि थांबलो. आता आणखी सरकवला तर डावा डोळा काठीच्या बरोबर वर येणार होता. डावा! मालक तर उजवा. मला वाटलं, माझीच पहिल्या दिवशी चूक झाली असेल. म्हणून म्हटलं, "सुर्वे, घड्याळावर अंगठा धरा."

त्यांनी धरला. उजवा डोळा झाकला, तरी अंगठा घड्याळावरच. म्हणजे मालक डावा.

मी चक्रावलो. मालक बदलत नसतो. इतक्या वर्षांत मी कोणाचा बदललेला पाहिला नव्हता. काउंटरवरून अंकल म्हणाले, "ग्रॅज्युएट, परत बघ. असा नाय होत."

म्हणून मी माझा तळवा त्यांच्या डाव्या डोळ्यावर ठेवला आणि म्हटलं, "आता फक्त उजव्याने घड्याळ बघा."

सुर्व्यांनी घड्याळाच्या दिशेने मान ताणली. मग एकदम गावच्या बोलीत आले. मुंबईत ते आमच्याशी तसे कधी बोलत नसत.

"सर, लाईट कित्याक घालवलात?"

मी वर पाहिलं. दिवे चालू होते. टेबल लख्ख होतं. माझ्या तळव्याच्या कडेला त्यांचा उजवा डोळा उघडा होता, सताड उघडा, आणि तो माझ्याकडे बघत होता. मला तसं वाटलं, इतकंच.

"सुर्वे, लाईट चालू आहे."

"मस्करी नको ओ सर."

मी हात काढला. त्यांनी दिव्यांकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताने डावा डोळा झाकला. काढला. परत झाकला. तो हात वरखाली होताना मी पाहत होतो. अंकल काउंटरच्या मागून कधी आले मला कळलं नाही. त्यांनी छातीवर क्रूस काढला.

"ह्या कधी झाला?" सुर्वे म्हणाले. "माका कळाक कसा नाय?"

कळत नाही. हे मला नंतर समजलं. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाचं काम ओढतो, आणि मालकाला पत्ता लागत नाही की घरातला एक माणूस केव्हाच निघून गेलाय.

पण खरा धक्का त्यानंतर बसला. सुर्व्यांनी काठी जागेवर ठेवली, खडूने भरलेली बोटं पँटला पुसली आणि बाकावरची बसची चावी उचलली.

"कुठे?"

"शाळा सुटंल आता."

"सुर्वे, तुम्ही बस चालवणार?"

"मग कोण, तुम्ही? सकाळी कोणी चालवली? काल कोणी? काय झाला काय?"

माझ्या डोळ्यांसमोर तो खांब आला. चुन्यावरचे ते पिवळे ओरखडे, ज्यांच्यावर आम्ही हसलो होतो. मी दारात उभा राहिलो. मी भांडखोर माणूस नाही. पण त्या वेळी मी दार अडवलं.

"चावी द्या."

"सरका, सर. तुम्ही पूलचे मास्तर. माझ्या गाडीचे नाय."

"उजवीकडून स्कूटर आली तर?"

"आरसो आसा."

"आरसा कुठल्या डोळ्याने बघणार?"

त्यांनी चावी मुठीत आवळली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "दोन पोरी शिकतात माझ्या. आजच्या दिवस जाऊदे. उद्या बघू. कोणाला बोलू नका ओ."

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाच केलेलं काम पाडलं होतं. भिंत छातीपर्यंत आली होती, तेव्हा दोरी लावल्यावर ती झुकलेली निघाली. घराचा मालक म्हणत होता, राहू दे, दिसत नाही. वडिलांनी कुदळ घेतली. मी लहान होतो आणि मला त्या कुदळीचा आवाज ऐकून रडू आलं होतं. मला त्या क्षणी तोच आवाज ऐकू आला. मी दारातून हललो नाही.

अंकल मात्र माझ्यापेक्षा शहाणे. ते सुर्व्यांच्या शेजारी बाकावर बसले आणि इतकंच म्हणाले, "सुर्वे, तुझ्या बसमधी तुझी पोरगी असती, तर तू बसवला असता काय तिला?"

सुर्व्यांनी चावीकडे बघितलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि बसच्या ठेकेदाराला सांगितलं, "शेठ, गाडी चालू होत नाय. दुसरी पाठवा." फोन ठेवून त्यांनी चावी माझ्या हातावर ठेवली. ती गरम होती, त्यांच्या मुठीमुळे.

मी त्यांना रिक्षाने डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आमच्या बोलण्याकडे कमी आणि यंत्राकडे जास्त लक्ष देणाऱ्या. तपासून त्यांनी सांगितलं की हा काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, कडेने आत सरकत येतो. उजव्या डोळ्याचं गेलेलं परत यायचं नाही. डाव्याच्याही कडा खायला त्याने सुरुवात केली आहे. पण तो वाचवता येईल, रोज न चुकता थेंब टाकले तर.

मग त्यांनी सुर्व्यांना विचारलं, "मान अशी उजवीकडे वळवून धरायची सवय कधीपासून?"

सुर्वे माझ्याकडे बघून हसले. त्यात राग नव्हता. नुसती कृतज्ञता होती, आणि तीच मला सहन झाली नाही.

"ह्या सरांनी शिकवला. पूल खेळताना. मग मी गाडीवर पण तसाच धरूक लागलंय. बरा दिसता तसा."

 मी दोनदा बोटभर सरकवलेला तो चेहरा, ज्याच्या बदल्यात मी वडे खाल्ले होते, तो चेहरा घेऊन हा माणूस रोज पोरांनी भरलेली बस हाकत होता. मी त्यांचा नेम सुधारत नव्हतो. एक डोळा मरत होता आणि त्याची जागा दुसऱ्याने कशी भरून काढायची, याची शिकवणी मी देत होतो. इतकी चांगली शिकवणी, की डोळ्यांच्या मालकालाही कळू नये.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण मग कळलं कसं?"

"बाटली वाजत नव्हती आणि चेंडू पडत नव्हता," मी म्हटलं. त्यांना ते काही समजलं नाही. मीही समजावत बसलो नाही.

ठेकेदाराला खरं काय ते सुर्व्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन सांगितलं. "माझा मीच बोलतंय, तुम्ही मधी पडू नका," एवढंच मला म्हणाले. स्टिअरिंग सुटलं. शाळेच्या फाटकावर बस लावून घेण्याचं, पोरं मोजून चढवण्याचं काम मिळालं. सुर्वेवहिनी एकदा गाळ्यात आल्या, नारळ घेऊन. तो माझ्या हातात देत म्हणाल्या, "सर, देव तुमचा बरा करो. पण ह्यांची ड्रायव्हरकी गेली ती तुमच्यामुळे, ह्या पण खरा आसा." मी मान हलवली. दोन्ही खरं होतं.

आता माझ्याकडे नवा कोणी आला की बाटलीच्या आधी मी त्याचे दोन्ही डोळे वेगवेगळे झाकून बघतो. कोणाचे फटके एकाच बाजूला चुकायला लागले तर चेहऱ्याला हात लावायच्या आधी पुन्हा बघतो. पोरं चेष्टा करतात, "सर, पूल शिकवताय की चष्मा विकताय?" करू देत. यंदा फाटकाचे खांब रंगवले तेव्हा अंकलनी रंगाऱ्याला तो पिवळे ओरखडे पडलेला भाग तसाच ठेवायला सांगितला. मी त्यांना तसं सुचवलं नव्हतं.

सुर्वे बरेच दिवस आले नाहीत. मग एका दुपारी आले, डबा घेऊन. खेळायला लागले आणि चुकायला लागले. एका डोळ्याला खोली नीट कळत नाही, चेंडू जवळ की लांब हे ठरत नाही. थोड्या वेळाने त्यांनी काठी खाली ठेवली आणि मला म्हणाले, "सर, जरा सरकवा ना. एक बोट. जमंल."

माझा हात पुढे गेला नाही. "डावा डोळा काठीवर आलाच आहे. सरकवायला आता जागा नाही, सुर्वे."

"म्हंजे संपला?"

 मी कपाटातून बाटली काढली, टेबलावर आडवी मांडली. ते वाकले, काठीचं टोक बाटलीच्या तोंडाशी नेलं.

"आता दोन्ही डोळे मिटा," मी म्हटलं.

"मिटून?"

"मिटा."

त्यांनी मिटले. काठी पुढे गेली. मागे आली. पुढे गेली. कोपर बिजागरीसारखं, हात ओळंब्यासारखा. अंकलनी काउंटरवरचा पंखा बंद केला, ऐकू यावं म्हणून. टेबलांवरचे बाकीचे थांबले. मी माझाच श्वास ऐकत होतो.

डोळे न उघडताच सुर्व्यांनी विचारलं, "वाजली काय, सर?"

"नाही."

"खरा सांगा."

"नाही वाजली, सुर्वे."

त्यांनी डोळे तरीही उघडले नाहीत. नुसती काठी मागे घेतली आणि म्हणाले, "मग परत बघूया."